जुन्या जीपला नवा बुश घट्ट बसतोय? घन उचलण्याआधी हे वाचा

छत्रपती संभाजीनगर : लग्नसराई लागली की पैठण, गंगापूर, फुलंब्री, कन्नडकडची मंडळी बस्ता बांधायला गुलमंडीत उतरतात. गर्दीत गाडी पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलानं सरकते. दोन्ही अंगाला दुकानं, काच उघडी. हायवेवर वाऱ्याच्या आणि टायरच्या आवाजात दबलेला एक आवाज इथं नेमका कानावर येतो. ब्रेक दाबला की खालून 'टक्', क्लच सोडला की पुन्हा 'टक्'. जुनी जीप किंवा पाट्यांवरची पिकअप असेल तर हा आवाज बऱ्याचदा पाट्याच्या बुशचा निघतो.

बुश ही छोटी वस्तू, त्यामुळं तिच्याकडं कुणी बघत नाही. जीप नव्यानं बांधायला घेतली की पैसा इंजिन, टायर, रंग आणि हूडवर जातो. बुशची पाळी शेवटी येते, तीही संध्याकाळी, मिस्त्री घरी जायच्या घाईत असताना. नवा बुश आत जात नाही, मग घन निघतो. तिथंच नव्या बुशचं आयुष्य अर्धं संपतं.

बुश नेमकं करतो काय

मुख्य पाट्याची दोन्ही टोकं गोल वळवलेली असतात. त्या गोल भोकात बुश बसतो आणि बुशमधून बोल्ट किंवा पिन जाऊन पाटा चेसिसला धरला जातो. पाट्याचं एक टोक चेसिसच्या ब्रॅकेटला पक्कं असतं. दुसरं टोक शॅकलवर झुलतं, कारण वजन पडलं की पाटा सरळ होऊन लांब होतो आणि त्या वाढलेल्या लांबीला कुठंतरी जागा लागते.

आज जास्त करून सापडतो तो 'सायलेंट बुश'. बाहेर लोखंडी नळी, आत दुसरी बारीक लोखंडी नळी आणि दोन्हींच्या मधे चिकटवलेलं रबर. बाहेरची नळी पाट्याच्या भोकात घट्ट बसली पाहिजे, तिथं जराही हालचाल नको. आतली नळी बोल्टनं आवळून ब्रॅकेटच्या दोन पट्ट्यांमधे पक्की धरली पाहिजे, तिथंही हालचाल नको. पाटा वरखाली होताना जी काही हालचाल होईल ती फक्त मधल्या रबराच्या पिळात व्हायची. एवढं डोक्यात बसलं की पुढची सगळी कामं आपोआप समजतात. बुश घट्ट असणं हा दोष नाही, तो तसाच बनवलेला असतो. घट्टपणा कुठं हवा आणि कुठं नको, हे ओळखायचं असतं.

दुसरा प्रकार साध्या रबराचा. दोन अर्धे तुकडे, कडेला कॉलर, बाहेर लोखंड नाही. हे दोन्ही बाजूंनी हातानं दाबून बसतात, त्याला प्रेस लागत नाही. तिसरा गनमेटलचा, ग्रीस निपलवाला. तो पिनीवर फिरतो, म्हणून त्याला ग्रीस लागतंच.

अगदी जुनी विलीज असेल तर गोष्ट आणखी वेगळी. महिंद्रानं १९४७ च्या सुमारास विलीज जीप इथं जोडायला घेतली. त्या घराण्यातल्या जुन्या गाड्यांना इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे शॅकल आणि आट्यांचे बुश असत. त्यातल्या काही शॅकलना उलटे, म्हणजे डावे आटे असतात. सुटत नाही म्हणून पान्याला पाईप लावून ताकद करणाऱ्यानं आधी आटे कोणत्या बाजूला आहेत ते बघावं. नाहीतर सोडायच्या ऐवजी आवळत बसाल आणि शॅकल तुटेल.

हौस अमेरिकेतली, गाडी इथली

जुनी गाडी घ्यायची, नको ते कापायचं, मोठं इंजिन टाकायचं आणि पळवायची, ही हौस अमेरिकेत 'हॉट रॉड' नावानं वाढली. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर पोरं जुन्या फोर्ड गाड्या पळवायची. १९३२ ची व्ही-८ इंजिनाची फोर्ड त्यांची लाडकी. दुसऱ्या महायुद्धानंतर हे वेड आणखी पसरलं.

आपल्याकडं त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे बांधून घेतलेली जीप. हरियाणातली मंडी डबवाली अशा जीपसाठी देशभर माहीत आहे. मोबाईलवर व्हिडिओ बघून आपल्याकडची पोरंही तशी जीप घ्यायला किंवा बांधायला निघतात. हौसेला मोल नाही, पण हौसेच्या गाडीतच पुढं घरची माणसं बसतात, कांद्याच्या गोण्या जातात, शाळेची पोरं चढतात.

पुढचा एक्सल अखंड असलेल्या जीपचे पाट्याचे बुश ढिले झाले की एक्सल जागचा हलायला लागतो. खड्डा लागला की गाडी एका बाजूला ओढते. पन्नास-साठच्या वेगाला स्टेअरिंग थरथरायला लागतं आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही. सपाट रस्त्यावर हे एकवेळ निभावेल. औट्रम घाटाच्या वळणावर, मागं माणसं भरलेली असताना, निभावेलच असं नाही.

बुश मोठा की भोक लहान? आधी मोजा

नवा बुश आत जात नाही म्हटल्यावर पहिला संशय मापावर घ्यायचा. एकाच नावाच्या गाडीचे वेगवेगळ्या वर्षांचे पाटे वेगळे असतात आणि बांधलेल्या जीपमधे तर पाटा एका गाडीचा, ब्रॅकेट दुसऱ्या गाडीचं असा कारभार असतो. त्यामुळं दुकानात गाडीचं नाव सांगून बुश मागू नका. जुना बुश किंवा त्याची बाहेरची नळी खिशात घेऊन जा. (आणि हो, गुलमंडी बस्त्यासाठी प्रसिद्ध आहे, बुशसाठी नाही. बायको साड्या बघतेय तोवर स्पेअरचं दुकान शोधून येतो म्हणणाऱ्यानं लांब जायची तयारी ठेवावी.)

मोजायला वर्निअर लागतं. लेथवाल्याकडं असतंच. भोक एकदा उभं मोजा, एकदा आडवं. जुना बुश झिजून नळी ठोकरत राहिली असेल तर भोक अंडाकृती झालेलं असतं. बुशची बाहेरची नळी भोकापेक्षा किंचित मोठी असते, ती असायलाच हवी. पण हे 'किंचित' शतांश मिलिमीटरच्या हिशेबातलं आहे. अर्धा मिलिमीटर फरक दिसला तर तो घट्ट बुश नाही, चुकीचा बुश आहे. तो ठोकून बसवायचा नाही, परत द्यायचा.

उलट भोक मोठं झालं असेल तर काही ठिकाणी सेंटर पंचनं आतून टिपके मारतात किंवा पत्र्याची पट्टी गुंडाळून बुश दाबतात. दोन्ही उपाय महिनाभराचे. बुशला वेल्डिंगचा टाका मारणं तर सगळ्यात वाईट. रबर जळतं आणि पाट्याचं कडक स्टील त्या टाक्यापाशी ठिसूळ होऊन पुढं तिथंच तडकतं. भोक गेलं असेल तर मुख्य पाटा बदलणं हाच सरळ मार्ग.

जुना काढताना

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या. शेतातल्या मऊ मातीत हे काम करू नका. चाकांना दगडांऐवजी लाकडी गुटके लावा. जॅकनं चेसिस उचलून चेसिसखाली स्टँड द्या आणि एक्सलखाली दुसरा जॅक ठेवून त्याचं वजन तेवढंच तोला, म्हणजे पाट्यावर ना ताण राहील ना दाब. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, पाना द्यायला आलेल्या पोरानंही नाही. विटांचा ढीग हा स्टँड नव्हे, वीट वजनानं अचानक फुटते.

गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं तर सकाळी निम्मी मारामारी वाचते.

जुना बुश काढायला बरेच जण रबर पेटवून देतात. रबर जळतं, नळी सुटते, काम होतं खरं. पण तो काळा धूर छातीत जातो आणि त्या आगीनं पाट्याच्या टोकाचा कडकपणा उतरू शकतो. त्यापेक्षा ड्रिलनं रबराला गोल भोकं पाडून आतली नळी काढा. मग एक्सा ब्लेड भोकातून घालून, पुन्हा फ्रेमला जोडून बाहेरच्या नळीला आतून एक चीर द्या. समोरच्या बाजूला दुसरी दिली तर आणखी सोपं. ब्लेड नळी कापेपर्यंतच चालवायचं, पाट्याला ओरखडा उठता कामा नये, कारण भार पडला की पाट्याची तडक अशाच ओरखड्यापासून सुरू होते. चीर पडली की नळीचा ताण जातो आणि छिन्नीच्या हलक्या ठोक्यानं ती आत मुडपून बाहेर येते. डोळ्याला गॉगल लावा. कडक लोखंडाची कपची उडते तेव्हा पापणी मिटायला वेळ मिळत नाही.

भोक आतून पॉलिश पेपरनं गंज जाईपर्यंत घासा. बोटानं चाचपून बघा, कुठं बोचत असेल तर तिथंच बुश अडणार. ज्या बाजूनं बुश शिरणार त्या कडेची धार कानशीनं हलकी मोडा.

घन नको, आटे वापरा

हायड्रॉलिक प्रेस जवळ असेल तर पाटा खोलून तिथं नेणं सगळ्यात चांगलं. नसेल तर एक लांब बोल्ट, नट, जाड वायसर आणि पाईपचे दोन तुकडे एवढ्यात काम होतं.

बोल्ट बुशच्या आतल्या नळीतून जाईल एवढा घ्यायचा. तो १२ मिलिमीटरचा असेल तर त्याच्या डोक्यावर ८.८ असा आकडा आहे का बघा. असा बोल्ट जवळपास ५ टनांचा ओढा सहन करतो. ४.६ आकड्याचा साधा बोल्ट २ टनांच्या आसपास ताणायला लागतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी साधी आट्यांची सळई याच कामात पीळ खाते आणि दोष बुशला जातो. आट्यांना ग्रीस लावा. १२ च्या जाड आट्यांच्या बोल्टला एका फेऱ्यात नट १.७५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे ६० मिलिमीटर लांबीचा बुश पूर्ण आत जायला साधारण ३४ फेरे. काम सावकाश होतं, पण बुश सरळ जातो.

पाईपचा पहिला तुकडा बुशच्या मागं लावायचा. तो फक्त बुशच्या बाहेरच्या नळीवर टेकला पाहिजे. याकडं नीट लक्ष द्या, कारण निम्मे बुश इथं बिघडतात. जोर आतल्या नळीवर किंवा रबरावर पडला तर रबर चिकटलेल्या जागेवरून सुटतं. बाहेरून बुश नवा कोरा दिसतो आणि आत मेलेला असतो. दुसरा, मोठ्या तोंडाचा पाईप पाट्याच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे बुश बाहेर यायला जागा राहील.

पहिले ३-४ मिलिमीटर हातानं आणि डोळ्यानं. बुश तिरका लागला आहे का, ते चारही बाजूंनी बघा. तिरका असेल तर लगेच मागं घ्या. तिरका बुश जोर लावून सरळ होत नाही, तो भोकाची साल काढत जातो आणि मधेच अडकतो. पाना सारखाच जड लागत असेल तर ठीक. एकदम जड झाला तर थांबून कारण शोधायचं. पान्याला पाईप लावून पुढं जायचं नाही.

बाहेरून लोखंडी नळी असलेल्या बुशला साबणाचं पाणी पुरतं. साध्या रबरी बुशलाही साबणाचं पाणीच. तिथं इंजिन ऑईल, जळकं ऑईल, डिझेल किंवा साधं ग्रीस लावायचं नाही, खनिज तेलानं रबर फुगतं आणि मऊ पडतं. सिलिकॉन ग्रीस चालतं. साबणाचं पाणी वाळून जातं आणि पकड परत येते, हा त्याचा मोठा फायदा.

फ्रीजचा उपाय किती खरा?

बुश रात्रभर फ्रीजमधे ठेवा, सकाळी लोण्यासारखा जातो, असं मोबाईलवर फिरतं. त्यात तथ्य आहे, पण लोण्यासारखा वगैरे काही नाही. ४५ मिलिमीटर जाडीचा लोखंडी बुश ३५ अंशाच्या खोलीतून उणे १८ च्या फ्रीजरमधे गेला तर तो सुमारे ३ शतांश मिलिमीटरनं बारीक होतो. खोललेल्या पाट्याच्या टोकावर उकळतं पाणी ओतत राहून ते ८० अंशांपर्यंत तापवलं तर भोक आणखी २ शतांशाच्या वर मोठं होतं. दोन्ही मिळून ५ शतांश. बुश किंचितच घट्ट असेल तर एवढ्यानं मोठा फरक पडतो. पण थंड बुश गरम भोकात गेला की अर्ध्या मिनिटात दोन्हीचं तापमान जुळायला लागतं, त्यामुळं बोल्ट, वायसर, पाईप सगळं आधी हाताशी मांडून ठेवायचं. फ्रीजरमधे ठेवताना बुश प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा, घरच्यांच्या बर्फाला रबराचा वास नको.

गॅसकटरची ज्योत मात्र पाट्यावर कधीच मारायची नाही. पाट्याचं स्टील ठरावीक तापमानाला भाजून कडक केलेलं असतं. निळसर रंग येईपर्यंत तापवलं की त्या जागेचा लवचिकपणा बिघडतो आणि पाटा पुढं भार घेऊन तिथंच बसतो किंवा मोडतो.

बोल्ट केव्हा आवळायचा

बुश बसला, पाटा चढला, बोल्ट घातला. आता गाडी जॅकवर असतानाच पान्यानं कचकचून आवळायचं आणि चहा घ्यायचा, असंच बहुतेक ठिकाणी होतं.

सायलेंट बुशमधे आतली नळी आवळल्या क्षणी ब्रॅकेटला पक्की होते. गाडी हवेत असताना एक्सल खाली लटकत असतो, पाटा वाकलेला असतो. त्या स्थितीत आवळलं की रबराला तीच 'सरळ' स्थिती वाटते. मग गाडी जमिनीवर उतरली की पाटा सरळ होतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी उभी असतानाही. खड्डा लागला की त्यावर आणखी पीळ. नवा बुश काही महिन्यांत फाटतो आणि दुकानदाराला डुप्लिकेट माल दिला म्हणून शिव्या बसतात. त्याची चूक कधी असते, कधी नसते.

म्हणून आधी सगळे बोल्ट नट लागण्यापुरते फिरवा. चाकं लावा, गाडी खाली घ्या, बंपर दोन-चारदा दाबून सोडा, म्हणजे पाटे आपल्या जागी बसतील. चाकांवर वजन असताना मगच शेवटचं आवळा. आवळण्याचं माप गाडीच्या पुस्तकात असतं, टॉर्कचा पाना मिस्त्रीकडून मागून घ्या. गनमेटलच्या ग्रीसवाल्या बुशला ही अट नाही, कारण तो पिनीवर मोकळा फिरतो.

जीप बांधताना काही जण रबराऐवजी कडक पॉलियुरेथेनचे बुश टाकतात. स्टेअरिंग नेमकं होतं हे खरं. पण ते स्वतः पिळत नाहीत, आतल्या नळीवर फिरतात, म्हणून त्यांना त्यांचंच ग्रीस लागतं आणि ते वाळलं की कुईकुई सुरू. शिवाय खड्ड्यांचा हादरा रबर खायचं, तो आता चेसिस आणि पाठीचा मणका खातो. फुलंब्री किंवा सिल्लोडच्या खेडेगावच्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला साधा चांगला रबरी बुशच बरा.

आरटीओची बाजू

त्याच मापाचा, त्याच प्रकारचा बुश बदलणं ही दुरुस्ती आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. इंजिन, चेसिस, गाडीची बांधणी बदलणं ही वेगळी गोष्ट. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मधे हेच सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिन बदलायचं असेल तर काम करायच्या आधी आरटीओत लेखी विचारून घ्या, कारण गाडी तयार झाल्यावर परवानगी मागणं म्हणजे वरात निघाल्यावर मुहूर्त काढणं.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं दर ५ वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. जुनी जीप घेताना आरसी बुकावरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवून बघा. नंबर जुळत नसेल तर बुश, पाटे, रंग यावर एक रुपयाही घालू नका.

बुश बसवून गाडी रस्त्यावर आणल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर पाट्याचे बोल्ट आणि यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या, तेही गाडी चाकांवर उभी असतानाच. पुढचे बुश बदलले असतील तर अलाइनमेंट करून घ्या. आवाज तरीही आला तर एकानं गाडीत बसून जागेवरच ब्रेक दाबून गाडी किंचित पुढं-मागं करावी आणि दुसऱ्यानं बाजूला, चाकांपासून लांब उभं राहून बघावं. शॅकलची पिन, शॉकॲब्सॉर्बरचं रबर आणि पाट्यांना धरणारा सेंटर बोल्ट, हे तिघंही अगदी बुशसारखाच आवाज काढतात.